चिंतेवरील गोळ्यांमधील फरक आणि जहाजावर रुजू होण्यापूर्वीची लघवीची तपासणी

प्रश्न : तिसरा इंजिनीअर (रत्नागिरी)

नमस्कार. मी व्यापारी जहाजांवर थर्ड इंजिनीअर म्हणून काम करतो आणि सध्या सुट्टीवर घरी आहे. मागच्या कॉन्ट्रॅक्टच्या अखेरीस, इंजिन रूममध्ये रात्रीच्या वॉचवर (पहाऱ्याच्या पाळीवर) असताना, अचानक छातीत धडधड सुरू झाली, हातापायांना मुंग्या आल्या आणि आपण आता वाचत नाही अशी खात्रीच वाटू लागली. घरी परतल्यावर हृदयाच्या सर्व तपासण्या करून घेतल्या, त्यांत काहीही निघाले नाही, आणि शेवटी मनोविकारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डरचे निदान केले. गेले चार महिने मी सकाळी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि रात्री क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम नियमित घेत आहे. गेल्या दोन महिन्यांत एकदाही झटका आलेला नाही.

पुढच्या महिन्यात मुंबईत कंपनीची जॉइनिंगपूर्वीची मेडिकल आहे आणि जहाज ह्यूस्टनला गाठायचे आहे. या मेडिकलमध्ये लघवीची ड्रग टेस्ट असते. तिच्या यादीत 'बेन्झोडायझेपाइन्स' हा शब्द मी पूर्वी अनेकदा वाचला आहे. आपली रोजची क्लोनाझेपामची गोळी त्याच गटातली आहे हे मात्र आता कळले. एका सहकाऱ्याचा सल्ला असा की दहा दिवस आधी गोळी बंद करावी. दुसरा म्हणतो की क्लोनाझेपामऐवजी एटिझोलॅम घ्यावी, कारण ती तपासणीत येत नाही. तिसरा म्हणतो की अल्प्राझोलॅम लवकर उतरते, तेव्हा ती बरी. या तिघांच्या बोलण्यात तथ्य किती, या गोळ्यांमध्ये नेमका फरक कोणता, आणि डॉक्टरांची चिठ्ठी असूनही 'पॉझिटिव्ह' असा शेरा आला तर पुढे काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ही नोकरी माझ्या घरातली एकमेव मिळकत आहे, त्यामुळे झोप पुन्हा उडाली आहे.


उत्तर : परीक्षानळी (मुंबई)

मी विषशास्त्र विभागातील प्रयोगशाळेत २६ वर्षे काम करून निवृत्त झालो. आपल्या प्रश्नाचा तपासणीशी संबंधित भाग मी सविस्तर लिहितो. औषध बदलावे की नाही हे ठरवणे माझ्या अधिकारातले नाही, ते आपल्या डॉक्टरांचेच काम आहे.

आपण नावे घेतलेल्या गोळ्या एकाच कुळातील आहेत असे समजायला हरकत नाही. या कुळातील पहिली गोळी क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे लिब्रियम, १९६० साली बाजारात आली, आणि १९६३ मध्ये डायझेपाम, म्हणजे व्हॅलियम. दोन्ही हॉफमन-ला रोश या कंपनीत लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून निघाल्या. आपल्याकडील मागच्या पिढीला डायझेपाम 'कामपोज' या नावाने ठाऊक आहे. पुढे लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलॅम अशी भर पडत गेली. मेंदूमध्ये 'गाबा' नावाचे एक रसायन चेतापेशींना शांत करण्याचे काम करते, आणि या सर्व गोळ्या त्याचाच परिणाम वाढवतात. म्हणून त्यांचे गुणही सारखे आहेत आणि दोषही: चिंता कमी होणे, स्नायू सैल पडणे, आकडी थांबणे, आणि त्यासोबत गुंगी, विसराळूपणा, हालचालीतील मंदपणा आणि सवय लागणे.

फरक मुख्यतः तीन बाबतींत आहे: किती मिलिग्रॅममध्ये परिणाम होतो, तो किती लवकर होतो, आणि औषध शरीरात किती काळ राहते. ढोबळ हिशोबाने डायझेपामच्या १० मिलिग्रॅमइतके काम लोराझेपामच्या १ मिलिग्रॅममध्ये, अल्प्राझोलॅम किंवा क्लोनाझेपामच्या साधारण अर्ध्या मिलिग्रॅममध्ये आणि क्लोरडायझेपॉक्साइडच्या २५ मिलिग्रॅममध्ये होते. निरनिराळ्या तक्त्यांत हे आकडे थोडे पुढेमागे असतात. आकडा लहान म्हणून गोळी हलकी, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. आपण रात्री जी ०.५ ची गोळी घेता, ती ताकदीने जुन्या कामपोजच्या मोठ्या मात्रेच्या जवळपास जाते.

काळाच्या बाबतीत 'अर्धायुष्य' हे माप वापरतात, म्हणजे रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ. अल्प्राझोलॅमचे अर्धायुष्य सरासरीने ११ तासांच्या आसपास, लोराझेपामचे साधारण १२ तास, क्लोनाझेपामचे ३० ते ४० तास. डायझेपाम स्वतः एक-दोन दिवस रेंगाळते, पण यकृतात त्याचे नॉरडायझेपाम बनते आणि ते १०० तासांपर्यंत टिकू शकते. म्हणून रोज डायझेपाम घेणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा होत जातो. अल्प्राझोलॅम लवकर उतरते हे आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे खरे आहे, पण लवकर उतरणे हा त्याचा गुण नसून अडचण आहे, कारण दोन मात्रांच्या मध्येच चिंता उसळून येते आणि माणूस पुढच्या गोळीची वाट पाहू लागतो.

आता तपासणीकडे वळतो. मेडिकलमध्ये बहुधा जी होते ती केवळ चाळणी असते. कपात किंवा पट्टीवर त्या गटातील पदार्थ ओळखणारे प्रतिपिंड असतात, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा, म्हणजे बहुतेक ठिकाणी एका मिलिलिटरमध्ये २०० किंवा ३०० नॅनोग्रॅमपेक्षा, जास्त पदार्थ सापडला तर निकाल पॉझिटिव्ह धरला जातो. या पट्टीवर रेघ उमटली तर निकाल निगेटिव्ह असतो आणि रेघ उमटली नाही तर पॉझिटिव्ह. गरोदरपणाच्या चाचणीच्या अगदी उलट. फिकट रेघ हीसुद्धा रेघच असते. हे ठाऊक नसल्यामुळे घरी किट आणून स्वतः तपासणारी माणसे भलत्याच निष्कर्षावर येतात.

मूळ मुद्दा असा की ही प्रतिपिंडे बहुतेक जुन्या पद्धतींमध्ये ऑक्झाझेपाम किंवा नॉरडायझेपाम ओळखण्यासाठी घडवलेली आहेत. डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड यांचे शरीरात शेवटी तेच बनत असल्यामुळे ती सहज पकडली जातात. अल्प्राझोलॅम बऱ्यापैकी पकडले जाते. लोराझेपाम मात्र लघवीत ग्लुकुरोनाइड नावाचा भाग यकृतात जोडलेल्या रूपात उतरते आणि क्लोनाझेपामचे ७-अमिनोक्लोनाझेपाम बनते, आणि या दोन्ही रूपांना अनेक पट्ट्या नीट ओळखत नाहीत. त्यामुळे तीच मात्रा घेणारा माणूस एका किटवर पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या किटवर निगेटिव्ह येऊ शकतो. यावर कोणी भरवसा ठेवू नये, कारण नव्या किटमध्ये आधी विकरे (एन्झाइम) घालून ती जोडणी तोडली जाते, किंवा ७-अमिनोक्लोनाझेपामसाठीच वेगळे प्रतिपिंड वापरलेले असते, आणि कंपनी कोणते किट वापरणार हे बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो.

चाळणीत पॉझिटिव्ह आलेला नमुना पुष्टी तपासणीसाठी मास स्पेक्ट्रोमीटरवर गेला पाहिजे. हे यंत्र गट सांगत नाही, नेमका रेणू सांगते. तरी तेथेही वाचणाऱ्याला जाण असावी लागते. एकट्या डायझेपामची गोळी घेतलेल्या माणसाच्या लघवीत नॉरडायझेपाम, टेमाझेपाम आणि ऑक्झाझेपाम ही तिन्ही सापडतात. शेवटची दोन ही काही देशांत स्वतंत्र औषधे म्हणून विकली जातात, त्यामुळे अननुभवी माणसाला तीन औषधे घेतल्याचा संशय येतो. माझ्या नोकरीत असा एक अहवाल मला स्वतः परत मागवून घ्यावा लागला होता, आणि ज्याच्याबद्दल तो होता त्या माणसाची नोकरी तोवर जवळजवळ गेली होती.

उलट दिशेची चूकही होते. सर्ट्रालिन हे नैराश्यावरील औषध या गटात मोडत नाही, तरीही काही पट्ट्यांवर ते बेन्झोडायझेपाइनचा खोटा पॉझिटिव्ह निकाल देते, आणि गोळी बंद केल्यावरही काही दिवस देत राहते, असा इशारा त्या औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. एचआयव्हीवरील एफाविरेन्झबद्दलही अशीच नोंद आहे. त्यामुळे केवळ पट्टीवरून कोणाचाही निकाल लावणे हे शास्त्राला धरून नाही, आणि पुष्टी तपासणी मागण्याचा आग्रह आपण निःसंकोच धरावा.


उत्तर : सावकाश (पुणे, मनोविकारतज्ज्ञ)

परीक्षानळी यांनी तपासणीचे उत्तम विवेचन केले आहे. मी एकाच गोष्टीवर भर देतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे.

चार महिने रोज घेतलेले क्लोनाझेपाम मेडिकलसाठी एकदम बंद करू नका. मेंदूला या औषधाची सवय झालेली असते, आणि ते अचानक काढून घेतले तर झोप उडणे, हात थरथरणे, घाम फुटणे, पूर्वीपेक्षा तीव्र चिंता आणि काही जणांना थेट आकडी येण्यापर्यंत मजल जाते. क्लोनाझेपामचे अर्धायुष्य मोठे असल्यामुळे हा त्रास दुसऱ्या दिवशी दिसत नाही. तो काही दिवसांनी, आपण सुटलो असे वाटत असतानाच सुरू होतो. आपल्या सहकाऱ्याच्या दहा दिवसांच्या हिशोबाप्रमाणे तो नेमका मेडिकलच्या किंवा विमानप्रवासाच्या सुमारास गाठील. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या संपूर्ण गटाच्या वेष्टनावरील चौकटीतील इशाऱ्यात अवलंबित्व आणि औषध बंद करतानाचा त्रास यांचा समावेश केला, तो याच अनुभवावरून.

गोळी कमी करायची असेल तर ती टप्प्याटप्प्यानेच करावी लागते. अलीकडील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर दोन ते चार आठवड्यांनी आधीच्या मात्रेच्या ५ ते १० टक्के घट हा प्रारंभीचा वेग मानला जातो, आणि रुग्णाला सोसेल तसा तो बदलतात. चार महिनेच झालेले असल्यामुळे आपल्याला कदाचित याहून लवकर जमेल, पण ते आपल्याला पाहणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. क्लोनाझेपामची ०.२५ मिलिग्रॅमची गोळीही मिळते, त्यामुळे मात्रा उतरवणे अवघड नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. पॅनिक डिसऑर्डरमध्ये क्लोनाझेपामचे काम पहिल्या काही आठवड्यांचे असते, कारण एस्सिटालोप्रामचा परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो. दीर्घकाळाचा भार एस्सिटालोप्राम आणि वर्तनोपचार यांनीच उचलायचा असतो. आपल्या डॉक्टरांना येत्या आठवड्यातच भेटा आणि 'मला आता क्लोनाझेपामची गरज आहे का' हा प्रश्न तपासणीच्या भीतीपोटी नव्हे, तर उपचाराचा भाग म्हणून विचारा. ही पायरी माझ्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांच्या बाबतीत राहून गेलेली असते, आणि सुरुवातीची आधाराची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. प्रोप्रॅनोलॉल, हायड्रॉक्सिझिन, बुस्पिरोन ही चिंतेवर दिली जाणारी औषधे या गटातील नाहीत आणि बेन्झोडायझेपाइनच्या तपासणीचा त्यांच्याशी संबंध नाही, परंतु ती तपासणी टाळण्यासाठीचे पर्याय म्हणून मागू नयेत. प्रत्येक औषधाचे स्वतःचे वावडे आहे. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही आणि हायड्रॉक्सिझिनने गुंगी येते.


उत्तर : काउंटरमागून (सांगली, औषधविक्रेता)

एटिझोलॅमचा सल्ला वाचून मला राहवले नाही. आपले जहाज ह्यूस्टनला आहे असे आपण लिहिले आहे. एटिझोलॅम भारतात, जपानमध्ये आणि इतर काही देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, पण अमेरिकेत त्याला औषध म्हणून कधीच मान्यता नव्हती, आणि जुलै २०२३ पासून तेथील अमली पदार्थ अंमलबजावणी खात्याने ते पहिल्या परिशिष्टात, म्हणजे हेरॉइनच्या यादीत, टाकले आहे. ब्रिटनमध्येही ते २०१७ पासून नियंत्रित आहे. सांगलीत खिशात घालून फिरता येणारी ती स्ट्रिप ह्यूस्टनच्या विमानतळावर गुन्हा ठरते, आणि तेथे भारतीय डॉक्टरांच्या चिठ्ठीचा उपयोग होत नाही. ते तपासणीत येत नाही हेही खरे नाही. काही पट्ट्या ते पकडतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरच्या यादीत असेल तर ते निश्चित सापडते. परिणामाच्या दृष्टीने ते याच कुळाचे भावंड आहे, सवयही तशीच लागते.

दुसरी गोष्ट अशी की आपल्याकडे हा गट जोडगोळ्यांमध्ये, म्हणजे एकाहून अधिक औषधे असलेल्या गोळ्यांमध्ये, दडलेला असतो, आणि गिऱ्हाइकाला त्याची कल्पना नसते. पोटातील गॅस आणि कळा यांवर दिली जाणारी लिब्रॅक्स आणि नॉर्मॅक्सिन यांत क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिलिग्रॅम असते. अमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरील औषधासोबतही ते येते. एस्सिटालोप्रामच्या नावापुढे 'प्लस' असले तर बहुधा त्यात क्लोनाझेपाम असते, आणि प्रोप्रॅनोलॉलसोबत एटिझोलॅम जोडलेल्या गोळ्याही आहेत. 'मी तर पोटाची गोळी घेतो' असे सांगणारा माणूस लघवीच्या तपासणीत पॉझिटिव्ह येतो तो असा. तेव्हा आपल्या सर्व स्ट्रिपांच्या मागील बाजूची बारीक अक्षरे एकदा भिंगाने वाचा, विशेषतः प्रोप्रॅनोलॉल कोणी दिले असेल तर.

कायद्याच्या बाजूने सांगायचे तर अल्प्राझोलॅम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' यादीत आहेत. दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. जुन्या ओळखीवर चिठ्ठीशिवाय गोळी मिळवणाऱ्या माणसाकडे मेडिकलच्या वेळी दाखवायला कागदच नसतो, आणि मग खरोखर आजारी असूनही तो चोर ठरतो. मी गिऱ्हाइकांना चिठ्ठीशिवाय परत पाठवतो तेव्हा ते रागावतात. त्यामागील हे एक कारण मी प्रत्येकाला सांगतो. प्रत्येक खरेदीचे छापील बिल आपल्या नावाने घ्या आणि जपून ठेवा.


उत्तर : पैलतीर (न्यू जर्सी)

माझा अनुभव प्रश्नकर्त्याच्या अगदी विरुद्ध बाजूचा आहे, पण परीक्षानळी यांनी जे लिहिले त्याचाच तो पुरावा आहे. माझ्या सासूबाई आमच्याकडे राहतात आणि त्यांना झोपेतील झटक्यांसाठी क्लोनाझेपाम दिले जाते. येथे काही दवाखान्यांत असे औषध चालू असलेल्या रुग्णाची लघवी अधूनमधून तपासतात, आणि त्यामागचा हेतू रुग्ण गोळ्या स्वतः घेतो की बाहेर विकतो हे पाहण्याचा असतो. सासूबाईंची तपासणी निगेटिव्ह आली. बहात्तर वर्षांच्या, रोज संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणणाऱ्या बाईला समोर बसवून 'तुमच्या गोळ्या जातात कुठे' असे विचारले गेले, आणि पुढची चिठ्ठी अडवण्यात आली. प्रश्नाचा रोख त्यांना इंग्रजीतून कळला नाही. मी मराठीत सांगितला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

मी घरी येऊन वाचन केले, पुन्हा गेले आणि लेखी विनंती केली की तोच नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर ७-अमिनोक्लोनाझेपामसाठी पाहावा. ते सापडले. चिठ्ठी पुन्हा सुरू झाली, दिलगिरी मात्र कोणी व्यक्त केली नाही. मधल्या पाच दिवसांत आम्ही उरलेल्या गोळ्या मोजून पुरवल्या, कारण एकदम बंद झाल्या असत्या तर काय झाले असते याची धास्ती होती. निगेटिव्ह निकालही माणसाला खोटे पाडू शकतो, हे सर्वांना माहीत असावे म्हणून लिहिले.


प्रश्नकर्ता : तिसरा इंजिनीअर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्ट्रिपा तपासल्या, प्रोप्रॅनोलॉल मला दिलेले नाही आणि एस्सिटालोप्राम साधे आहे. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दोन शंका उरतात. मी कंपनीला आधीच सांगितले तर ती मला कायमचे बाजूला काढील का? आणि उद्या गोळी चालू असताना जहाजावर जायची वेळ आलीच तर ती सोबत कशी न्यावी?


उत्तर : आखरी वॉच (डोंबिवली, निवृत्त चीफ इंजिनीअर)

मित्रा, मी ३१ वर्षे जहाजांवर काढली, त्यांपैकी शेवटची १२ टँकरवर. तुझ्या भीतीचे मूळ मला माहीत आहे, कारण आपल्या क्षेत्रात मनाच्या आजाराचे नाव काढले की मॅनिंग ऑफिसमध्ये (जहाजावरील माणसांची भरती करणाऱ्या कार्यालयात) फाइल खाली सरकते, अशी प्रत्येकाची समजूत आहे आणि ती पूर्णपणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कंपनी काय करील याची हमी मी देऊ शकत नाही. परंतु मी स्वतः पाहिलेली एक घटना सांगतो. माझ्या हाताखालच्या एका हुशार मुलाने मेडिकलच्या फॉर्मवर 'कोणतेही औषध चालू नाही' असे लिहिले होते. पुढे बंदरात सर्वांची अचानक तपासणी झाली आणि त्याच्या लघवीत अल्प्राझोलॅम सापडले. त्याच्याकडे खरी चिठ्ठी होती, आजार खरा होता, तरी त्याच बंदरातून त्याला साइन-ऑफ करून घरी पाठवण्यात आले, आणि कारण गोळीचे नव्हते, फॉर्मवरील खोट्या सहीचे होते. त्याला पुन्हा त्या कंपनीत घेतले नाही. त्याच वर्षी एका सेकंड मेटने (जहाजावरील अधिकाऱ्याने) डिप्रेशनचा उपचार चालू असल्याचे आधी कळवले, तो तात्पुरता अनफिट ठरला, घरी पाच महिने काढले आणि परत आला.

आमच्या कामाच्या दृष्टीने डॉक्टर काय पाहतात हेही समजून घे. प्रश्न लघवीतल्या रेघेचा नाही. रात्री दोन वाजता बॉयलरचा अलार्म वाजला तर तुला झटकन उठून, अरुंद शिडी उतरून, शुद्धीत निर्णय घेता येईल का, हा आहे. क्लोनाझेपाम चालू असताना वॉचकीपिंगचे काम देणे म्हणूनच अवघड असते, आणि गोळी उतरवून काही काळ स्थिर राहिलेल्या माणसाला परवानगी मिळणे तुलनेने सोपे जाते. सागरी कामगार करार २००६ प्रमाणे ज्याला प्रमाणपत्र नाकारले जाते किंवा कामावर मर्यादा घातली जाते, त्याला दुसऱ्या स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. हा हक्क आपल्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो.

औषध सोबत न्यायचे झाले तर मूळ स्ट्रिपमध्ये, प्रवासापुरते आणि कॉन्ट्रॅक्टपुरते, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहिलेल्या इंग्रजी पत्रासह न्यावे. जहाजावर पाऊल टाकताच कॅप्टनला सांगावे. जहाजाच्या औषधपेटीतही डायझेपाम असते, ते कुलपात राहते आणि त्याची नोंद होते, त्यामुळे कॅप्टनला हा विषय नवा नसतो. विमान कोणत्या देशातून जाते हे आधी पाहा. संयुक्त अरब अमिरातीत या गटातील औषधे नेण्यासाठी तेथील सरकारची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते, आणि दुबईहून जोडविमान पकडणारे आपले अनेक लोक याकडे लक्ष देत नाहीत.


उत्तर : परीक्षानळी

यादीबद्दल एक भर घालतो, कारण सहकाऱ्यांच्या गोष्टींमध्ये गोंधळ बहुधा तेथूनच होतो. प्रत्येक तपासणीत हा गट असतोच असे नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमित तपासणीत गांजा, कोकेन, अँफेटामाइन, अफूजन्य पदार्थ आणि पीसीपी (फेनसायक्लिडिन हे नशेचे रसायन) हे पाचच गट आहेत. बेन्झोडायझेपाइन त्यांत नाही. उलट आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी जी तपासणी लागू केली तिच्यात तो आहे. जहाज कंपन्या आणि मालवाहतूक करून घेणाऱ्या तेल कंपन्या स्वतःची यादी ठरवतात. 'मी गोळी घेऊनही पास झालो' असे सांगणाऱ्या माणसाच्या तपासणीत ही पट्टी होती की नाही, हे त्याला स्वतःलाच माहीत नसते. (अनारशावरची खसखस अफूच्या पट्टीवर येऊ शकते, हे तर घरोघरी सांगण्यासारखे आहे, मेडिकलच्या आठवड्यात खसखस टाळलेली बरी.)


प्रश्नकर्ता : तिसरा इंजिनीअर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. डॉक्टरांनी क्लोनाझेपाम प्रथम ०.३७५ वर आणि आता ०.२५ वर आणले आहे; पहिल्या घटीनंतर चार रात्री झोप तुटक लागली, मग बसली. वर्तनोपचाराच्या तीन बैठका झाल्या. मॅनिंग ऑफिसला मी स्वतः जाऊन सांगितले. तेथील अधिकाऱ्यांनी ह्यूस्टनचे जॉइनिंग रद्द करून मला चार महिन्यांनंतरच्या यादीत ठेवले आहे आणि तोवर डॉक्टरांचे स्थिरतेचे पत्र मागितले आहे. मिळकत थांबली आहे, भावाने काही महिने घर चालवण्याची तयारी दाखवली आहे. एकच शेवटचे विचारतो: गोळी पूर्ण बंद झाल्यावर किती दिवसांनी लघवी स्वच्छ येईल, म्हणजे मेडिकलच्या दिवशी मला घोटाळा नको.


उत्तर : परीक्षानळी

आपण उचललेले पाऊल वाचून खरोखर समाधान वाटले. आपल्या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर देता येत नाही. वय, वजन, यकृताचे काम, किती महिने घेतले आणि यंत्र किती संवेदनशील आहे, यांवर ते अवलंबून असते. ७-अमिनोक्लोनाझेपाम संवेदनशील यंत्रावर एकाच मात्रेनंतरही दोन आठवडे आणि कधी त्याहून अधिक दिवस सापडलेले आहे. रोज घेणाऱ्याच्या बाबतीत तो काळ लांबतो. डायझेपाम दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या लघवीत तर महिनाभरानंतरही अंश मिळतात. केसांची तपासणी असेल, तर केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळे मुळाकडील तीन सेंटिमीटरमध्ये मागील तीन महिन्यांची नोंद दिसते.

म्हणून दिवस मोजत बसू नका. फॉर्मवर औषधांच्या रकान्यात औषधाचे नाव, सर्वांत मोठी मात्रा, घट सुरू केल्याची तारीख आणि शेवटच्या गोळीची तारीख लिहा, डॉक्टरांच्या पत्राची प्रत जोडा, आणि नमुना देण्यापूर्वी त्या रकान्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.